चोरखिसा

मुलगी : बाबा, आत्याकडे निघताना आपलं काय ठरलंय?

बाबा : मी तोंड उघडायचं नाही.

मुलगी : आणि विमानतळावरची ही तपासणी माझी मी पार पाडली, तर?

बाबा : तर पुढच्या महिन्यात कॉलेजच्या गावाला तू एकटी विमानाने जायचंस. उरलेल्या पाच ड्रेसनाही आतून खिसे लावून देईन. शब्द म्हणजे शब्द.

मुलगी : मग आता पुटपुटताय काय?

बाबा : देवाचं नाव घेतोय गं. त्याला कुठे बंदी आहे?

मुलगी : मनातल्या मनात घ्या. ओठ हलले की वाटतं, मला पढवताय.

तपासनीस : पुढे या ताई. अंगावरचं, खिशातलं सगळं ट्रेमध्ये काढा आणि या स्कॅनरमधून चला.

मुलगी : मॅडम, आधी एक सांगायचंय. मला मधुमेह आहे. अंगावर इन्सुलिनचा पंप आहे, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. ते ट्रेमधून यंत्रात घालायचे नाहीत, आणि या स्कॅनरमधूनही न्यायचे नाहीत. हाताने तपासाल का? ही डॉक्टरांची चिठ्ठी.

तपासनीस : पंप? मला तर कुठे काही दिसत नाही.

बाबा : दिसणार कसा मॅडम! चोरखिशात आहे!

मुलगी : बाबा!

तपासनीस : चोरखिशात? काका, काय लपवलंय?

बाबा : लपवलं नाही हो. म्हणजे लपवलंयच, पण तसं नव्हे. मी शिंपी माणूस, तीस वर्षं मशिनवर बसतोय. आतल्या खिशाला आमच्यात चोरखिसाच म्हणतात. असा बेमालूम लावलाय की कुणाच्या बापाला पत्ता—

मुलगी : बाबा, तुम्ही नाव घ्या बरं. मोठ्याने घेतलंत तरी चालेल.

तपासनीस : थांबा दोघं. तो पंप काढून माझ्या हातात द्या.

मुलगी : तो नळीने पोटाशी जोडलाय मॅडम. काढला की इन्सुलिन थांबतं. पण लपवायचं काहीच नाही. पडद्यामागे चला, मी खिशातून बाहेर धरते. तुम्ही हवा तेवढा वेळ बघा.

तपासनीस : चल. काका, तुम्ही त्या खुर्चीवर. आणि खुर्चीवरच.

(पडद्यामागे.)

तपासनीस : आता पंपावरून तुझेच हात फिरव. हं. तळवे पुढे कर, ही पट्टी त्यांवरून नुसती फिरवून यंत्रात घालते, स्फोटकांचा अंश असला तर कळतो. ... काही नाही आलं. आणि हा ज्यूस? एरवी एवढा नेऊ देत नाही आम्ही.

मुलगी : साखर खाली आली की लागतो. चिठ्ठीत तिसऱ्या ओळीत आहे.

तपासनीस : आहे खरं. सगळं पाठ केलंयस वाटतं.

मुलगी : महिनाभर तालीम केलीय. बाबा गळ्यात टेप अडकवून तपासनीस व्हायचे. फार खडूस व्हायचे.

तपासनीस : माझ्यापेक्षा?

मुलगी : तुम्ही बऱ्याच बऱ्या आहात.

तपासनीस : शिवण हाताला लागत नाही गं कुठे. आणि आतून हे इतकं मऊ काय लावलंय?

मुलगी : माझं तान्हेपणीचं दुपटं. पंप टोचायला नको म्हणून फाडलं त्यांनी.

तपासनीस : ... झालं तुझं. जा, ते खुर्चीवर अर्धेच बसलेत.

बाबा : आलीस! सोडलं ना? मीच घोळ घातला. जिभेला हाड नाही माझ्या.

मुलगी : बसा आधी नीट. सोडलं.

बाबा : काय म्हणाल्या?

मुलगी : शिवण हाताला लागत नाही म्हणाल्या.

बाबा : हं. ... घरी गेलो की उरलेले पाच ड्रेस मशिनपाशी आणून ठेव.

मुलगी : खरंच? तुम्ही तोंड उघडलंत तरी?

बाबा : उघडलं मी. निस्तरलंस तू.

मुलगी : पण त्या खिशाला म्हणायचं काय? चोरखिसा तर नकोच.

बाबा : तू ठरव. पुढच्या महिन्यात मी काय तिथे असणार आहे?