पडद्यावर सकाळचे सात

नाही, पॅनलचा तो मागचा स्क्रू नंतर सोडा, आधी इकडे बघा — नुसतं बोट टेकवा, 'डेली डाटा', हं, आता शनिवार उघडा. काय दिसतंय? पंप चालू, संध्याकाळी पाच. शनिवारी पाचला ड्यूटीवर कोण होतं? मी. म्हणजे टाकीतलं रंगाचं लाल सांडपाणी नाल्यात मी सोडलं, असं साहेब म्हणतात, आणि उद्यापर्यंत माफीनामा दिला नाही तर मला नारळ. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास काय नाले रंगवायला मिळवला होता?

मी पंपाला हातही लावलेला नाही. विश्वास नाही बसत ना? तुमच्या कंपनीचं मशीन, तुम्ही त्याचीच बाजू घेणार — पण मग दांडी गावची नवसी मावशी खोटं बोलते? रविवारी तिनं गेटवर टोपलीभर मेलेले बोय मासे ओतले, म्हणाली, "रातच्याला पानी लाल झालं. सांच्याला आमी तिथंच जाळी धूत होतो, काय नव्हतं." साहेब म्हणाले, कोळणीला वेळेचं काय कळतं! मशीनला कळतं! आणि रात्रपाळीचा पुंडलिक मागे उभा राहून दात काढत होता. त्यानंच केलंय. टाकी भरली की वर कळवायचं सोडून सरळ नाल्यात, आणि मग यातली वेळ फिरवली. फिरवता येते ना? — पासवर्ड लागतो? तो फक्त साहेबांकडे? मग…

काय? आत्ता पडद्यावर किती वाजलेत? सकाळचे सात. आणि तुमच्या मनगटावर दुपारचे तीन! अहो, उघडा ते मागचं झाकण, बघताय काय!

ही कसली पट्टी, बॅटरीखाली? ओढून काढायची असते? ती असली तर बॅटरी लागतच नाही? — म्हणजे शुक्रवारी आठ तास एमआयडीसीची लाईट बंद, आमची सुट्टी, तर घड्याळही सुट्टीवर, आणि लाईट आल्यावर थांबलं तिथूनच पुढं. वा! पॅनल बसवल्यावरचा हा पहिलाच शुक्रवार. आणि पट्टी कुणी ठेवली ते मला विचारा. आमचे सीनियर ऑपरेटर, नरहरी चुरी. तुमचा माणूस काढायला गेला, तर म्हणाले, "नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाय, धूळ बसते." घरच्या फ्रिजलाही चार वर्षं प्लास्टिक आहे, दाराला हात लावला की चरचरतं, मी ओरडून थकले, पण बाबा काही — हो, बाबा. माझेच. त्यात काय एवढं? इथं मला मॅडम म्हणतात, घरी माझी अक्कल काढतात. कालही तेच: "जयू, सही कर न् मोकळी हो. तुला काय, दुसरीकडे मिळेल नोकरी." ही यांची पिढी! साहेब खोकला तरी हे उभे राहतात.

ते जाऊ दे. हिशेब करा. घड्याळ आठ तास मागे, म्हणजे संध्याकाळचे पाच नाहीतच ते. रात्रीचा एक! रात्रपाळी! सांगितलं नव्हतं मी? लिहा रिपोर्टमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्या पुंडलिकला —

थांबा.

शनिवारी पुंडलिक केळव्याला होता. मेहुणीच्या लग्नाला, रविवारी परतला. त्याच्या बदली रात्री… डबा मीच भरून दिला होता बाबांना.

रविवारी सकाळी आई त्यांचा शर्ट घासत होती, डाग जाईना. मी म्हटलं, म्हातारपणी पान खायला लागलात का? एरवी हसले असते.

"तुला काय, दुसरीकडे मिळेल." मला मिळेल. खरंय.

नाही, काही नाही झालं. तुम्ही लिहा. वेळ लिहा, खरी. नाव नका लिहू, नाव मी — ते बघा, पाळी सुटली, हात पुसत इकडेच येतायत. तुम्ही कँटीनला जा, चहा घ्या. — जा म्हणते ना!

आणि ती पट्टी द्या माझ्याकडे.