नीट नाकारलं

पोर्तो अलेग्रेच्या बसस्थानकावर कुरितिबाच्या बसची प्रतीक्षा करीत असता माझ्या शेजारी एक तरुणी मांडीवर लॅपटॉप उघडून बसली होती. तिचा सहकारी 'माते' या कडू पानांच्या गरम चहाचा तुंबा भरून तिच्यापुढे धरीत होता.

"आदेमार, लॅपटॉप परत कोसळला! बारा वाजता प्रकल्पाचे लोक प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या घेणं बंद करतील. माझी पहिलीच दुरुस्ती, तीही राहणार."

"जांदिरा, आधी घोट घे. कोसळतो कधी?"

"आभासी नेटवर्क कार्डाला आधीच कुणी घेतलेलं नाव दिलं, की. नोंदणी नाकारली जाते, ते बरोबरच आहे. मग कार्ड चालवणारा माझा ड्रायव्हर प्रोग्रॅम कार्डाची मेमरी मोकळी करतो, आणि अख्खा लॅपटॉप बसतो."

"नाकारताना संगणकाचा गाभा काय करतो?"

"काय करणार? नाही म्हणतो."

"आणि जाता जाता तीच मेमरी स्वतः मोकळी करून जातो, बाईसाहेब!"

"अगंबाई! म्हणजे मी ती दुसऱ्यांदा मोकळी करतेय?"

"उचललेलं ताट पुन्हा उचलायला जातेयस."

"शहाणाच आहेस. बघ, ही ओळ पुसली. आता पुन्हा तेच नाव देते."

"डोळे कशाला मिटलेस?"

"तू बघ. मला भीती वाटते."

"नाकारलं. आणि लॅपटॉप चालू आहे."

"नाकारलं! नीट नाकारलं!"

"ओरडतेस काय, पाठव आधी!"

"पाठवली!"

समोरच्या बाकावरील वृद्धेने कौतुकाने मान वर केली.

"पास झालीस का गं, पोरी?"

"नाही मावशी, नापास! अगदी व्यवस्थित नापास!"