जित्याचं घर

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे दोन बायका बोलत होत्या.

"काय गो चंद्रावती, घर गावलं का?"

"गावलं गो रंभा. जिते गावात. ऱ्हायला पन गेले. मागं परसू हाय, खुराडं पन हाय."

"मग तोंड का उतरलंय?"

"ह्यांना दाखवायचं राहिलं ना."

"व्हय. भावोजींना कोंबड्यांची लय हौस होती."

"वरसे गावातल्या आमच्या ब्लॉकमध्ये कोंबडी कुठं पाळनार? म्हनून कंपनीच्या सुट्टीला, दर रविवारी मला नवीन घर दाखवायला न्यायचे. मीच खोट काढायची. एकाची विहीर लांब, दुसऱ्याला रस्ता चिकटून. दोन वर्सं फिरवलं त्यांना."

"खरंच वाईट होती का घरं?"

"नाय गो. मला कोंबड्यांची घान नको होती. पन तसं मी कधी बोलले नाय."

"त्यांना कुठं कळलं असंल!"

"कळलं होतं. दवाखान्यात शेवटी म्हनाले, 'कोंबड्या नको पाळू. पन अंगन असलेलं घर घे, तुला उन्हात बसायला आवडतं.'"

रंभाने तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"गेल्या आठवड्यात पाच कोंबड्या आनल्या मी."

"तू?"

"हां. पन संध्याकाळी खुराड्यात येत नायत. जोहे गावात ननंदेकडं गेलो की तिच्या कोंबड्या ह्यांच्या एका हाकेवर सगळ्या धावत यायच्या. मी आपली घरात बसून ऱ्हायची. कशी हाक मारायचे, ते कधी कान देऊन ऐकलंच नाय गो."