बेटावरचा मातीचा बांध

संयोगिता : …पण नाथाजीकाका, आम्ही उत्खननात मोकळा केलेला हा बांध पुढं एकदम तुटतो कसा? बेटावर पूर चढू नये म्हणून तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी घातला होता. कृष्णेनंच नेला का?

नाथाजी : न्हाई, म्याडम. मी न्हेला. असली जुनी पांढरी माती उसाला लय मानवती. वीस वर्सं झाली. उन्हाळ्यात पात्र आटलं, तवा गाडीनं वढली.

बनुबाई : आवं, कंचा बांध?

नाथाजी : तू जा बरं, सावलीला बस.

बनुबाई : पोरीला ठिवलीया, त्यो?

संयोगिता : कुणाला, मावशी?

बनुबाई : आमची पयली लेक. नऊ दिसांची हुती, बारसं बी न्हवतं झालं. तान्ह्याला जाळत न्हाईत, पुरत्यात. मी बाळंतीण, मला कोण आणतंय? ह्यांनी एकट्यानं नावंतनं आणली. म्हणाले, उच्च्या बांधाला ठिवलीया, पूर लागायचा न्हाई. मला दावा म्हणलं, तर दर साली म्हणायचं, पाणी वसरू दे. चाळीस वर्सं गेली. आज तुमच्या कामाच्या बायांसंगट आले मी.

नाथाजी : अगं, खुणंला दगड ठिवला हुता. म्हापुरानं त्यो खालच्या अंगाला सरकला. मी तीच खूण धरली अन् वरच्या अंगाची माती काढली. चौथ्या गाडीला खोऱ्यात काळं मणी आलं. तिच्या मनगट्याचं.

बनुबाई : मग?

नाथाजी : तवर तीन गाड्या रानात पसरल्या हुत्या. तुला सांगायला तोंड न्हवतं मला.

बनुबाई : कंच्या रानात?

नाथाजी : वड्याकडच्या.

बनुबाई : ते रान मीच खुरपती की वो. वीस वर्सं तिच्यावर पाय देऊन खुरपतीया.

(बनुबाई उठून शेजारच्या खड्ड्याच्या काठाशी जाते.)

संयोगिता : मावशी, तिकडं नका बघू. आत्ता नको.

बनुबाई : ही मडकी कसली, तोंडाला तोंड लावून?

संयोगिता : आत तान्हं बाळ आहे. बांध घातला त्या काळातलं. तुमचं नाही, मावशी.

बनुबाई : ठावं हाय मला. बाजूला चूल दिसतीया.

संयोगिता : घरच होतं ते. तेव्हा तान्ही बाळं घराच्या जमिनीखालीच पुरायचे.

नाथाजी : अगं, चल आता. नाव थांबलीया.

बनुबाई : तुमी व्हा म्होरं. मी बसती वाईच हिच्यापाशी. हिच्या आईला ठावं तरी हुतं, लेकरू कुटं हाय ते.