ती बाहेर पडेल असे नियम

नको गं मार्लिस, ते पुस्तक परत ठेव, त्यात माणूस मरतच नाही! हसू नकोस—अगं, ड्रॅगनसाठी ठीक आहे ते, इतकी वर्षं तुझ्या दुकानातल्या त्या मागच्या टेबलावर मी त्यावरच तर खेळ चालवतेय. मी म्हणायचं, गुहेचं दार उघडलं, आत ड्रॅगन बसलाय. गॉर्डीनं म्हणायचं, मी तलवार उपसतो. मग फासा टाकायचा आणि पुस्तकात बघायचं, लागली की नाही. मजा आहे, नाही कुठे म्हणतेय मी? पण आता मला आजच्या काळातली गोष्ट चालवायचीय. साधं गाव, साधं घर, साधी माणसं. तर या पुस्तकाप्रमाणे काय होतं माहितीय? आयलीननं गोष्टीतल्या त्या माणसाच्या डोक्यात शेकोटीची लोखंडी सळई घातली—आणि तो तसाच उभा! का, तर म्हणे त्याचे अजून चाळीस प्राण शिल्लक. असं कुठे असतं? असतं म्हणा. काही काही माणसं असतात तशी. बरं, तुला इथून समोरची ती हिरवी पिकअप दिसतेय ना? आहे ना तिथेच? इंजिन चालू आहे? हां. ट्रॉय पलीकडच्या दुकानात मिठाची पोती घ्यायला गेलाय, अंगणातल्या बर्फावर टाकायला. तिथे एकदा मासेमारीचा विषय निघाला की तो लवकर हलत नाही. तेवढा वेळ आहे माझ्याकडे. नाही नाही, घाई कसली! मी आपलं म्हटलं. नवऱ्याला ताटकळत ठेवलेलं आवडत नाही, कुणाच्याच नवऱ्याला आवडत नाही.

तर गोष्ट सांगते, म्हणजे तुला नेमकं पुस्तक काढून देता येईल. गावाच्या टोकाला एक घर. थंडी ही अशीच, तळं गोठलेलं. घरात एक बाई आहे, आणि नवऱ्याला कळायच्या आत तिला बाहेर काढायचं. एवढंच. खजिना नाही, काही नाही. गॉर्डी म्हणाला, "एवढंच ना? जायचं आणि दार उघडायचं!" दिवसभर शाळेची बस चालवतो बिचारा, त्याला वाटतं कळ दाबली की कुठलंही दार उघडतं. मी म्हटलं, बाबा रे, तिच्याकडे गाडीची किल्ली नाही. किल्ली तो खिशात ठेवतो. फोन आहे, पण रात्री तो फोन मागून घेतो आणि कुणाशी काय बोललीस ते वाचत बसतो, कॉफी पीत, अगदी सावकाश. आणि बाहेर हाडं फोडणारी थंडी असताना तिचे बूट तळघरात, कुलपात. आयलीन म्हणाली, "बाई गं, तुला सुचतं तरी कसं!" ग्रंथालयात असते ती, इतकी पुस्तकं हाताखालून जातात, तिलाही हे बुटांचं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. मी म्हटलं, सुचतं आपलं. भांडी घासताना.

ते जाडजूड? ते आहे माझ्याकडे. तूच तर दिलंस, आणि मी ते लपवून—म्हणजे कपाटात ठेवलंय गं, स्वेटरांच्या मागे, घरात जागा कुठे आहे? चांगलं आहे पुस्तक. बर्फावर ब्रेक मारला तर गाडी किती घसरते, लाकडी दार किती घाव घेतं, काचेचं किती, सगळ्याला आकडा आहे. मी एकटीनं खेळून पाहिलं. ट्रॉय कामाला गेला की स्वयंपाकघरात घरातले जुने फासे टाकत बसायची. कधी ती खिडकीतून निघते, कधी मागच्या दारानं. कधी गाडी सुरूच होत नाही, कधी होते आणि वळणावर घसरून खड्ड्यात जाते, कधी शेजारी दिवा मालवून घेतात. एकदा हायवेपर्यंत पोचली बघ! मला इतका आनंद झाला, मी खुर्चीतून उठलेच. मग नियमाप्रमाणे त्याचा फासा टाकला, तिचा माग लागतो का बघायला—तर लागला. टाकायलाच नको होता. पण नियम म्हणजे नियम, मला फसवाफसवी जमत नाही. आणि ते काळं नको, भीतीचं. त्यात म्हणे घाबरण्याचा आकडा असतो, दरवेळी थोडा थोडा उतरतो, शून्य झाला की माणूस वेडा. काही वेडं-बिडं होत नाही कुणी. सकाळी उठून त्याची अंडी करावीच लागतात. मार्लिस, मला असे नियम दे ज्यात ती बाहेर पडते. असतील ना गं कुठल्यातरी पुस्तकात? अख्ख्या विस्कॉन्सिनात तुझ्याएवढी पुस्तकं कुणी वाचलेली नाहीत.

पिकअप आहे ना?

परवाच्या गुरुवारी काय झालं सांगू? तू पुढे गिऱ्हाइकांत होतीस, तुला कळलं नसेल. गॉर्डी आणि आयलीन पार त्या घरात शिरले होते. बाई जिन्यात उभी, अंगावर कोट, पायात आयलीननं आणलेले बूट. असं रंगलं होतं म्हणून सांगू! आणि मी म्हटलं, बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग म्हटलं, दारात किल्ली फिरली. आणि पुढे मला बोलताच येईना. फासा माझ्या हातात, गोष्ट माझी, तो माणूसही मीच रचलेला—आणि माझं बोट गेलं टेबलावर ठेवलेल्या त्या फुलीच्या कार्डावर. खेळ चालवणारीनं कधी ठेवलंय का बोट तिथे? खेळणारे ठेवतात. कुणाला कोळी नको असतात, कुणाला मेलेली लेकरं नको असतात. बोट ठेवलं की प्रसंग तिथेच बंद, आणि का ते कुणी विचारायचं नाही—तुझाच नियम, ही कार्डं तूच फुकट वाटतेस, हा काय गठ्ठा, गल्ल्याशेजारी. तर त्यांनी लगेच थांबवलं. आयलीननं फासे डबीत भरले. गॉर्डीनं तळलेल्या चीजची बशी माझ्यापुढे सरकवली आणि फुटबॉलवर घसरला. किती गुणी माणसं! आणि मला असा राग आला, मार्लिस, असा राग—विचारा ना रे मेल्यांनो! एकदा तरी विचारा! पण नाही. कोट चढवले, काचेवरचा बर्फ खरवडला आणि मला सोडलं परत त्याच घरात. म्हणजे माझ्या. माझ्या घरी सोडलं. तू असं बघू नकोस गं माझ्याकडे.

बरं, बघ. मला भीती वाटतेय. झालं, बोलले. त्याला ते जाडं पुस्तक सापडलं काल. मी म्हटलं, ड्रॅगनचंच आहे, तर त्यानं पानं उलटली, दारांची, कुलपांची. ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "कॅरिन, उद्या तुझे फासे घेऊन ये तिथून, आणि संपव हा पोरखेळ." म्हणून आले. आता गुरुवार नाहीत. उन्हाळ्यात तो उत्तरेकडच्या रानातल्या लाकडी केबिनवर राहायला जायचं म्हणतोय, दोघांनीच, तिथे शेजारी पण नाहीत दिवा मालवायला. मग पुस्तक कशाला मागतेस म्हणशील. मला नुसतं बघायचं होतं, असतात का असे नियम.

आला. आला बघ, पोतं खांद्यावर आहे. हस ना गं, हस जरा, काहीतरी विनोद सांग मला! फासे दे, डबी दे लवकर—आणि हे बघ, मी काही म्हणत नाहीये. एक शब्द बोलत नाहीये. नुसतं बोट ठेवलंय, या वरच्या कार्डावर. दिसतंय ना तुला?

कुठे चाललीस? मार्लिस! कडी का घालतेस? अगं, पाटी कशाला उलटतेस, भर दुपारी दुकान बंद? त्यानं पोतं टाकलं गाडीत. इकडेच येतोय. माझी मी जाते ना, उघड, चिडेल तो, तुला माहीत नाही तो कसा—काहीच विचारणार नाहीस? काहीच नाही?

बरं. नको विचारूस.

काचेतून बघतोय. ठोठावतोय. आधी असंच हळू ठोठावतो तो, नेहमी. माझं बोट उचलतच नाहीये गं, चिकटल्यासारखं झालंय. हे दार किती घाव घेतं, मार्लिस? तुला आकडा माहीत असेल ना?—काय? फोन? हो. लाव पोलिसांना. नको, थांब, माझ्याकडे दे. तू काही बोलू नकोस आता, मला बोलू दे. हॅलो? हो, ऐकू येतंय. इथे एक बाई आहे, तिला घरी—नाही. मी. मीच आहे ती. मला घरी जायचं नाहीये.