शुक्रवारी न हलणारे कासव

ऋतिकाच्या फळीवरचे पितळी कासव रोज बोटभर दाराकडे सरकत असे. गेल्या दोन्ही शुक्रवारी मात्र ते जागचे हलले नव्हते. धामणकर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत ती हे आत्याला सांगत होती. शेजारच्या रांगेतले विज्ञानशिक्षक श्रीनाथ सर आपली रिक्षा सोडून ऐकत राहिले.

“आत्या, एक तारखेला संकल्पाची चिठ्ठी कासवापुढं ठेवली, ‘पुण्याला नर्सिंगला जाईन’. अन् कासव दाराकडंच निघालंय गं! आज अर्ज भरतेच!”

“उंदीर आसंल.”

“उंदीर काय शुक्रवारी सुट्टी घेतो?”

“फळी कंच्या भिंतीला ठोकलीस?”

“मागच्या. बाबांनी देवघरात जागाच दिली न्हाय.”

“दाराकडं कललीय ती, मी बोललेली. भिंतीपल्याड काय हाय?”

“लूमचा कारखाना.”

“त्यो बंद कधी आसतो?”

“शुक्रवा... अगं आत्या!”

“मग? ऱ्हायला अर्ज?”

“ऱ्हातोय कशाला! चिठ्ठी काय कासवानं लिहिली? चल, आली रिक्षा!”

भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालत, त्यांच्या हादऱ्याने कललेली फळी थरथरे आणि कासव उताराकडे सरके. शुक्रवारी लूम बंद असत.