संपदाचा पासपोर्ट हरवला नव्हता

दिनांक ८ सप्टेंबर २०२५, सोमवार. वेळ दुपारी २.१०.

नाव : नंदकिशोर गजानन टिपणीस. वय : ५३ वर्षे. व्यवसाय : नोकरी, मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या टोकियो कार्यालयात डॉक्युमेंटेशन मॅनेजर. मूळ राहणार : नौपाडा, ठाणे. सध्या राहणार : हिगाशी-कसाई, एदोगावा वॉर्ड, टोकियो.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे, मला कोणी बोलावलेले नाही. जपानी मला दुकानात आणि स्टेशनवर पुरेल इतकेच येते, म्हणून मराठीत सांगतो आहे. दुभाषी श्रीमती स्नेहलता रेगे ते अधिकारी ओकुमुरा-सान यांना जपानीत सांगत आहेत आणि मराठीतही उतरवून घेत आहेत. माझे सांगणे पुढीलप्रमाणे.

दिनांक २७ ऑगस्ट रोजी मी स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत माझ्या मुलीचा पासपोर्ट हरवल्याची नोंद केली. पासपोर्ट हरवला नव्हता. मुलगी तोच पासपोर्ट घेऊन अल्बानिया या देशात फिरत होती, आणि हे मला नोंद करताना माहीत होते. त्या नोंदीमुळे तिला गेल्या शुक्रवारपासून तिथल्या तिराना विमानतळावर अडवून ठेवले आहे. नोंद ताबडतोब रद्द व्हावी म्हणून मी आलो आहे.

घरात आम्ही तिघे. पत्नी सौ. उल्का, वय ४९, कोतो वॉर्डातल्या एका शाळेत ग्रंथपाल. मुलगी संपदा, वय २१, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. आम्ही इकडे आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. मराठी चांगले बोलते, पण भांडण झाले की जपानीवर जाते, म्हणजे मला तिचे अर्धेच भांडण कळते. आठवड्यातून चार दिवस एका बेकरीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करते.

घरातील सर्वांची कागदपत्रे माझ्या ताब्यात असतात. एक निळी फाइल आहे, तिच्यात प्रत्येकाचा कप्पा, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. सर्वांचे लॉगिन आणि पासवर्ड मला माहीत आहेत. सर्वांच्या सह्या स्कॅन करून माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. कोणताही फॉर्म आला की मी भरतो. मुलगी सज्ञान असताना तिचा पासपोर्ट तुमच्याकडे कसा, असे ओकुमुरा-सान यांनी विचारले. आमच्यात असेच असते, माझा पासपोर्ट माझ्या लग्नापर्यंत वडिलांच्या कपाटात होता, असे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. त्यात लिहून घेण्यासारखे काय होते ते मला कळले नाही.

मे महिन्यात एकदा जेवताना संपदा म्हणाली की बाइतोच्या पैशांत तिला दोन आठवडे एकटीने अल्बानिया फिरायचे आहे. पाठीवर एक पिशवी, राहायला हॉस्टेल, एका खोलीत आठ-आठ जण, प्रवास गावोगावच्या मिनीबसने. मी म्हणालो, आधी नकाशात दाखव. तिने फोनवर दाखवला, ग्रीसच्या वर, समुद्राला लागून. मी म्हणालो, लोक एकदाच जातात तर पॅरिस बघतात, स्वित्झर्लंड बघतात, हे कुठले खूळ. ती म्हणाली तिथले परवडत नाही. मी म्हणालो, परवडत नाही तर घरी बसावे. ती जपानीत काहीतरी बोलून उठली. मी विषय संपला असे धरून चाललो.

दिनांक २३ ऑगस्ट, शनिवार. कॉलेजचे शिबिर नागानोला आहे असे सांगून ती निघाली. शिबिराला एवढी मोठी पाठपिशवी कशाला, असे मी विचारले. उत्तर उल्काने दिले, की डोंगरात थंडी असते. ऑगस्टमध्ये कसली डोंबलाची थंडी, हे माझ्या डोक्यात आले नाही.

दिनांक २६ ऑगस्ट, मंगळवार. माझ्या रेसिडेन्स कार्डाच्या नूतनीकरणासाठी मी फाइल काढली. संपदाच्या कप्प्यात पासपोर्ट नव्हता. उल्का भाजी निवडत होती. तिला विचारले, तर मान वर न करता म्हणाली की मीच काढून दिला, पोरगी अल्बानियात सुखरूप पोचली आहे, तिचे रोज मेसेज येतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलीने फसवले याचा राग होताच, पण माझ्या फाइलमधून माझ्या पाठीमागे बायकोने काढून दिला, याचा जास्त होता. दोघी एकाच माळेचे मणी. त्या दिवशी मी जेवलो नाही. त्याने कोणाला काही फरक पडला असे दिसले नाही.

दिनांक २७ ऑगस्ट, सकाळी ९.१५. मी चौकीत गेलो. घरापासून वॉर्ड ऑफिसपर्यंतच्या वाटेत मुलीचा पासपोर्ट माझ्या हातून पडला, असे सांगितले. तिथल्या शिपायाने मला खुर्ची दिली, नकाशा उघडला आणि कुठल्या वाटेने गेलात ते विचारले. मी बोटाने वाट दाखवली. तो म्हणाला की काळजी करू नका, इथे वस्तू बहुधा मिळतात. मला तेव्हाच लाज वाटली होती, पण मी नोंदीचा क्रमांक घेऊन निघालो. ऑफिसात पोचून त्या क्रमांकाच्या आधारे पासपोर्ट हरवल्याचा ऑनलाइन अर्ज संपदाच्या लॉगिनवरून भारतीय दूतावासाकडे भरला. तिची स्कॅन केलेली सही लावली. या कामाला अकरा मिनिटे लागली.

यामागे हेतू काय, असे मला विचारण्यात आले. मी बावीस वर्षे मालाची कागदपत्रे बघतो. कागदात खोट निघाली की कंटेनर बंदरावर अडतो आणि ज्याने पाठवला त्याच्याकडे परत येतो. संपदाही तशी अडेल आणि पहिल्या विमानाने घरी येईल, असा माझा हिशेब होता. तिला त्रास व्हावा अशी इच्छा होती का, या प्रश्नाला मी आधी नाही असे उत्तर दिले. ते बदलतो. थोडा व्हावा अशी होती. आपल्याशिवाय काही होत नाही हे तिला कळावे, अशी होती.

त्यानंतर नऊ दिवस ती कुठे अडली नाही, कारण तिने तो देश सोडलाच नाही. फोटो उल्काच्या फोनवर येत. उल्का फोन टेबलावर उघडा ठेवून आत जात असे आणि मी बघत असे. बेरात नावाच्या गावी डोंगरभर पांढरी घरे. कोमानच्या तलावातल्या बोटीत बटाट्याची पोती, गॅसचे सिलिंडर आणि त्यांच्यामध्ये संपदा. बरेच दिवस ती पाव आणि चीज यांवरच होती. थेथ नावाच्या डोंगरातल्या खेड्यात ती एका म्हाताऱ्या बाईंकडे राहिली. दोन दिवस त्यांच्याबरोबर आलुबुखार निवडले, म्हणून बाईंनी राहण्याचे काही घेतले नाही. घरात ही स्वतःचे ताट उचलत नाही, असे माझ्या मनात आले. त्या फोटोत ती हसत होती. इतके हसताना मी तिला आमच्या घरात फार दिवसांत पाहिलेले नाही. नोंद मागे घ्यावी असे मला त्या दिवशी, म्हणजे ३१ ऑगस्टला, वाटले होते. पण मागे घ्यायची तर उल्काला सांगावे लागणार होते. मी गप्प बसलो.

दिनांक ५ सप्टेंबर, शुक्रवार, सायंकाळी ६.४०. संपदाचा फोन माझ्या मोबाइलवर आला, तिच्या आईच्या नव्हे. परतीच्या विमानाला जाताना तिराना विमानतळावर तिचा पासपोर्ट यंत्रात हरवलेला म्हणून दिसला. विमान गेले. हरवलेला म्हणजे चोरलेला, आणि चोरलेला म्हणजे ही संपदा टिपणीस नव्हेच, असा तिथल्या पोलिसांचा संशय होता. तिला एका खोलीत बसवले होते. तिचे शब्द मला आठवतात तसे सांगतो.

"बाबा, कुणीतरी चूक केलीये. तुमच्याकडे सगळे पेपर्स आहेत ना? मी त्यांना सांगितलंय, माझे बाबा एका तासात सगळं पाठवतील."

मी "बघतो" म्हणालो.

मी चाळीस मिनिटांत पाठवले. जन्मदाखला, शाळेचे दाखले, रेसिडेन्स कार्ड दोन्ही बाजूंनी, लहानपणापासूनचे सगळे व्हिसा. शनिवारी आणखी पाठवले. एकूण सदतीस पाने झाली. शनिवारी दुपारी तिथल्या एका महिला अधिकाऱ्याचे इंग्रजीत उत्तर आले, की या कागदांवरून संपदा टिपणीस नावाची मुलगी आहे हे दिसते, समोर बसलेली मुलगी तीच हे दिसत नाही, तरी ज्याने हरवल्याची नोंद केली त्यानेच खुलासा करावा. ते उत्तर मी उल्काला दाखवले नाही.

रविवारी सकाळी मी संपदाच्या बेकरीत गेलो, ओळख पटवणारे एखादे पत्र मिळाले तर पाहावे म्हणून. मालकांनी लगेच लिहून दिले. त्यांनी मला भट्टीमागची भिंत दाखवली. तिथे अल्बानियाचा नकाशा लावलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने रस्ता काढला होता. एप्रिलपासून पहाटेची पाळी मागून घेत होती, असे ते म्हणाले. तुम्हाला अभिमान वाटत असेल, असेही म्हणाले. बेकरीवाल्याला माहीत, आईला माहीत, भिंतीला माहीत. मी मान डोलावली आणि पत्र घेऊन घरी आलो. ते अडतिसावे पान.

त्याच दिवशी संपदाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. पिशवी काढून घेतली आहे, बाकावर झोपते, असे म्हणाली. त्या खोलीत आणखी दोन माणसे आणून बसवली होती. कोण, ते तिने सांगितले नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. अजून किती वेळ लागेल, एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, माझे प्रयत्न चालू आहेत. खरे म्हणजे मी तेव्हाही कागदच पाठवत होतो, आणि आता कागदाने काही होणार नाही हे माझ्याइतके कोणाला माहीत नव्हते.

आज सकाळी मी उल्काला सर्व सांगितले. ती रडेल, नाहीतर मला फाडून खाईल, असे वाटले होते. ती दारापाशी गेली, कपाटातून माझे बूट काढले, बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवले आणि "जा" म्हणाली. ती माझ्याबरोबर आलेली नाही.

ओकुमुरा-सान यांनी मला समजावून दिले की खोट्या नोंदीबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, आणि त्याचा परिणाम नोकरीवर व इथल्या वास्तव्यावर होऊ शकतो. मला ते समजले आहे. नोंद आजच रद्द होईल. इंग्रजी पत्र आणि हा जबाब दूतावासाला आणि तिराना येथे आजच जाईल. तिकडून सुटका व्हायला दोन दिवस लागतील की आठ, हे ते सांगू शकत नाहीत. पासपोर्ट संपदाचा असल्यामुळे आणि ती सज्ञान असल्यामुळे जबाबाची एक प्रत तिलाही मिळेल.

दुपारी ३.२० वाजता ओकुमुरा-सान यांनी त्यांच्या टेबलावरून तिराना येथे फोन लावला. तिकडे सकाळ होती. स्पीकर सुरू होता. संपदाने त्यांना जपानीत नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगितला. मग मी बोललो. नोंद मी केली, जाणूनबुजून केली, रागाच्या भरात केली, हे सांगितले. फोन कटला की काय म्हणून ओकुमुरा-सान यांनी पाहिले. कटला नव्हता. मग ती मराठीत बोलली.

"बाबा, मी तुमच्याकडे मागितला असता तर दिला असता?"

मी म्हणालो, "हो. दिला असता."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं." त्यानंतर तिथल्या महिला अधिकाऱ्याने फोन घेतला.

मी फोनवर दिलेले उत्तर खोटे आहे. मी पासपोर्ट दिला नसता. मे महिन्यात दिला नसता, ऑगस्टमध्येही नाही, तिने कितीही वेळा आणि कितीही नीट मागितला असता तरी नाही. तिचे काही चुकलेले नाही. नोंद रद्द करण्यासाठी या मजकुराची आवश्यकता नाही, असे ओकुमुरा-सान म्हणाले. तो लिहावा असे मीच सांगितले, कारण प्रत तिच्या हातात पडणार आहे आणि फोनवर हे माझ्या तोंडून निघाले नाही.

वरील सर्व श्रीमती रेगे यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. जसे बोललो तसेच उतरले आहे. यातले काही गाळायचे आहे का, असे त्यांनी शेवटचा परिच्छेद दाखवून विचारले. मी नाही म्हणालो.

(सही)
नं. ग. टिपणीस